ठोकायचं कुठं ते पण छापा की कधीतरी

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत गाड्यांचं पान येतं ते मी न चुकता वाचतो. नवीन गाडी आली, तिला सनरूफ आहे, टचस्क्रीन केवढी, ॲव्हरेज किती, सगळं असतं. पण आमच्या सोलापुरात दरवर्षी नवीन गाडी घेणारे असे किती हो? इथं दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या गाड्याच जास्त पळायलेत आणि त्या गाड्या नीट उघडायच्या कशा यावर मराठीत छापलेलं मला तरी काय सापडलं नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तिथं कापा, पण हातोड्याचा भाग तेवढा राहू द्या.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, मी टर्नर. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर उभा राहून लूमचे पार्ट काढले, त्यामुळं गाडीतलं सगळं कळतं असा दावा नाही पण लोखंड लोखंडाला कसं धरतं एवढं कळतं.

झालं असं, मेव्हण्याची जुनी डिझेल गाडी, पुढच्या चाकाला वर एक खाली एक असे दोन आर्म आणि मधी कॉइल स्प्रिंगवाली, ती खड्ड्यात गेली की डाव्या बाजूनं कटकट करायची. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं तर चांगलाच प्ले (ढिलेपणा), म्हणजे बॉल जॉइंट, आर्म आणि चाकाला जोडणारा गोळीचा सांधा, तो नाहीतर बेअरिंग गेलेलं (डावी-उजवीकडं हलवून प्ले लागला तर बहुतेक टाय रॉड एंड, स्टिअरिंगच्या दांडीचा सांधा, असतो, हे आपलं जाता जाता). टॉमी (लोखंडी पहार) लावून बघितलं तर खालचा बॉल जॉइंटच गेलेला. गेलो एका गॅरेजला, नाव कशाला घ्यायचं, माणसं वाईट नाहीत. मे महिन्यातलं ऊन, पत्र्याची शेड, खाली एक विशीतला पोरगा घामानं निथळत झोपलेला आणि त्याचा मिस्त्री वरून ओरडायलाय, "मार की, जोरात मार." पोरगा मारायला होता, पण कुठं तर जॉइंटच्या दांड्याच्या टोकावर, आट्यांवर. अर्धा तास. शेवटी आट्याचं पार फूल झालं, नट ना पुढं जाईना ना मागं येईना, आणि जॉइंट जागचा हललेला नाही. मग जागा व्हावी म्हणून टाय रॉड एंड सोडवायला घेतला, तो दिवाळीला नवीन टाकलेला, त्याच्यात दोन दातांचा पाचरीसारखा फोर्क घातला आणि दणके दिले. तो सुटला, एका मिनिटात सुटला, पण जॉइंटवरची रबरी टोपी, तिला बूट म्हणतात, ती फाटून हातात आली. बूट फाटलं की ग्रीस बाहेर आणि धूळ-पाणी आत, मग नवीन काय अन् जुनं काय. फोर्क वाईट नाही, पण जो जॉइंट भंगारात टाकायचाय त्यालाच तो लावायचा, परत बसवायच्या जॉइंटला नाही.

आता यात खरी गंमत काय ती कुणी सांगत नाही. त्या बॉल जॉइंटचा दांडा सरळ नसतो, गाजरासारखा निमुळता असतो, आणि नकलमधलं, म्हणजे चाक ज्या लोखंडी तुकड्यावर बसतं त्यातलं, भोकही तसंच निमुळतं. नट आवळला की दांडा भोकात ओढला जातो आणि असा गच्च बसतो की नट काढून फेकून दिला तरी हलत नाही. लोक म्हणतात गंजानं धरलंय. गंज असतोच, पण नवा कोरा जॉइंटसुद्धा एकदा नीट आवळला की हातानं निघत नाही, तो तसा धरावा म्हणूनच टेपर, म्हणजे हा निमुळता उतार, दिलेला असतो. म्हणून गंज सोडवायच्या स्प्रेचा अख्खा डबा संपवून उपयोग नाही, तेल तिथं आत शिरतच नाही. आमच्या लेथच्या टेलस्टॉकमधी (मागच्या टोकाच्या ठोकळ्यात) जॉबला आधार देणारा टोकदार सेंटर बसतो, ड्रिल मशीनच्या स्पिंडलमधी मोठं ड्रिल बसतं, तेच हे. त्याला मोर्स टेपर म्हणतात, साधारण 20 मिलीमीटर लांबीला 1 मिलीमीटर उतार, ना बोल्ट ना चावी, निव्वळ घर्षणावर धरून राहतं. ते ड्रिल काढायचं तर स्पिंडलच्या खाचेत ड्रिफ्टची पट्टी घालून एक टोला, खट्कन खाली. बॉल जॉइंटचा उतार मोर्सपेक्षा जास्त, म्हणजे खरं तर सुटायला सोपा, पण त्याला ड्रिफ्ट घालायला खाच नाही, सगळी अडचण तिथंच आहे.

मला राहवेना. पोराला म्हणलं ऊठ बाबा, पाणी पी. आधी जॅक खालच्या आर्मला, स्प्रिंगच्या बरोबर खाली नेऊन टेकवला, कारण अशा गाडीत स्प्रिंग दाबलेला असतो आणि जॅक नसताना जॉइंट सुटला तर आर्म खाली आदळतो नि स्प्रिंग बाहेर उडतो, त्यात माणसं जायबंदी झालेली आहेत. चेसीला स्टँड वेगळा. मग ते फूल झालेलं टोक ग्राइंडरनं साफ केलं, नट कसातरी फिरवत तीन-चार आट्यांवर आणून ठेवला. पूर्ण काढायचा नाही, सुटला की आर्म त्या नटावरच अडकतो. मग एक तीन किलोचा घण नकलच्या कानाच्या एका बाजूला टेकवून पोराला धरायला लावला आणि समोरून मी दुसऱ्या हातोड्यानं मारलं. दांड्यावर नाही, नटावर नाही, ज्या कानात ते भोक आहे त्या कानाच्या बगलेवर. मार बसला की भोक क्षणभर, डोळ्याला दिसणार नाही इतकं, लांबट होतं आणि दांड्याची पकड सुटते. पहिले दोन टोले ठण्ण ठण्ण. चौथ्याला आवाज बदलला, फुटक्या मडक्यासारखा थप्प, दांडा सुटला, आणि जॅक जरा उतरवला तसा आर्म बोटभर खाली येऊन नटावर बसला. मिस्त्री काय बोलला नाही, नुसता चहा सांगितला.

पुलर, म्हणजे स्क्रू आवळून दांडा भोकाबाहेर ढकलायचं हत्यार, असता तर एवढंही लागलं नसतं. पुलर लावून ताण द्यायचा, मग कानावर दोन टोले. ताण दिलेला असताना तोंड त्याच्या समोर आणायचं नाही, सुटताना गोळीसारखा आवाज येतो. पुलर काय सोन्याचा नसतो, पण गॅरेजवाले घेत नाहीत आणि का घेत नाहीत तेही कळतं, कारण आपण गिऱ्हाईक. पार्टचे पैसे मुकाट्यानं देतो आणि लेबरला मात्र "अर्ध्या तासाचं तर काम, दोनशे कमी करा की". माझा मेव्हणासुद्धा त्यातलाच. काही ठिकाणी गॅस लावून कान लाल करतात, ते तर बघवत नाही, शेजारचे बूट, बेअरिंगचे सील सगळे करपतात, आणि नकल अल्युमिनियमचा असेल तर विषयच संपला.

अजून एक, सगळ्या गाड्यांत टेपर नसतो. मारुतीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत, अल्टोसारख्या, खालच्या जॉइंटचा दांडा सरळ असतो आणि नकलची फट एका आडव्या बोल्टनं आवळलेली असते. तो बोल्ट दांड्याच्या खाचेतून गेलेला असतो, नुसता सैल करून जॉइंट येत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. इथं मात्र गंज खरा शत्रू, आदल्या रात्री तेल मारून ठेवा, मग फटीत छिन्नी घालून जरा उघडा, आर्म खाली दाबला की येतो. यावर जर कुणी कानावर घण घालत बसला तर दिवसभर घालत बसेल.

बसवताना टेपर पुसून कोरडा, ग्रीस नको. नट आवळताना दांडाच फिरायला लागला तर जॅकनं आर्म वर दाबायचा, टेपर धरतो. नटाची खाच आणि दांड्यातलं पिनेचं भोक जुळत नसेल तर नट अजून थोडा आवळायचा, मागं फिरवून जुळवायचा नाही. नट फिरू नये म्हणून त्या भोकात घालायची स्प्लिट पिन नवीनच. आमच्या त्या गॅरेजात जुनीच पिन सरळ करून घालायला होते, मी हातातून घेऊन गटारात टाकली. टाय रॉड काढलाय म्हणल्यावर अलाइनमेंटही आलीच.

पोरगा नंतर विचारायला होता, काका हे कुठल्या पुस्तकात आहे. काय सांगणार? मराठीत असं कुठं मिळतं मला ठाऊक नाही. माझ्यापेक्षा जास्त जाणणारे म्हातारे मिस्त्री गावात गल्लोगल्ली आहेत, त्यांना कुणी माणूस पाठवून बोलतं करा आणि आठवड्याला एक काम छापा, चार ओळीत का होईना. जागा नसेल तर राशिभविष्याच्या खाली टाका, माझ्या राशीला गेले चार आठवडे वाहनसौख्यच लिहून यायलंय.

आपला,
एक जुना टर्नर, सोलापूर