संत्र्याचा सौदा कागदावर हवा

मा. संपादक,

काटोल, नरखेड, कळमेश्वरकडे संत्र्याच्या आंबिया बहराचे (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या पिकाचे) सौदे अजूनही बरेचसे तोंडीच होतात. व्यापारी बाग पाहतो, टनाचा भाव ठरतो, थोडा इसार हातावर पडतो. तोडीपर्यंत भाव चढला तर टोळी वेळेवर येते. उतरला की ‘आज येतो, उद्या येतो’ सुरू होते, किंवा मोठे फळ नेऊन बारीक फळ झाडावरच सोडतात. इकडे फळगळ थांबत नाही, म्हणून बागायतदार पाडलेल्या भावाला होकार देतो. १८७२ चा करार कायदा दोघांना बरोबरीचे धरतो. पण व्यापारी थांबू शकतो, संत्रा थांबत नाही.

तोंडी करार वैध असतो, पण सिद्ध करताना नाकी नऊ येतात. म्हणून साध्या कागदावर का होईना, एवढे लिहून घ्याच: तोडीची शेवटची तारीख, बारीक फळाचा भाव, कोणत्या काट्यावर वजन, सौद्यानंतरची फळगळ कोणाच्या अंगावर, आणि गाडी हलण्याआधी पैसे. सौदा मोडल्यास द्यायची रक्कम फार कमी लिहू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्याहून जास्त देत नाही, कमी मात्र देऊ शकते.

व्यापारी फिरकलाच नाही तर फळ झाडावर सडू देऊन दावा लावणे ही मोठी चूक. नुकसान कमी करायला तुम्ही काय केले, हे कलम ७३ खाली पाहिले जाते. लेखी कळवा, माल नागपूरच्या कळमना बाजारात विका, काटापट्टी (वजनाची पावती) आणि विक्रीपट्टी जपा. भावातला फरक त्यावरूनच सिद्ध होतो. दाव्याची मुदत तीन वर्षे आहे.

अन्याय्य अटींविरुद्धचे २०१९ च्या ग्राहक कायद्याचे संरक्षण ग्राहकाला आहे, माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात दुबळ्या पक्षावर लादलेली अट रद्द ठरवली, पण दोन्ही पक्ष व्यापारी असलेल्या व्यवहारांना ते तत्त्व लागू नसेल असेही म्हटले. समोरचा वकील नेमके तेच वाक्य पुढे करू शकतो. विधी आयोगाने १९८४ च्या १०३ व्या अहवालात करार कायद्यातच अन्याय्य अटींविरुद्ध तरतूद सुचवली होती. ती अजून झालेली नाही, आणि विदर्भातल्या खासदारांनी ती लावून धरायला हवी.

तोवर बाजार समित्यांनी सौद्याचा एक पानी मराठी नमुना छापून बहराचे सौदे सुरू होण्याआधी गावोगावी पोचवावा.

– एक वाचक, नागपूर