गप्पा मारायला स्पेनला

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. "नुसत्या गप्पा मारायला पदरचे पैसे घालून स्पेनला कशाला जातोस?" असं तू विचारलं आहेस. सध्या मला भेटणारे सगळेच हे विचारतात, पण बहुतेकांना उत्तर नको असतं. तुला हवं आहे, शिवाय तू स्वतः इंग्रजीचा शिक्षक, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

प्रकार असा आहे. स्पेनमध्ये नोकरीधंद्यातली कितीतरी माणसं अशी आहेत, की ज्यांचं व्याकरण पक्कं असतं, ईमेल नीट लिहिता येते, पण समोरचा इंग्रजीत बोलायला लागला की त्यांची बोलती बंद होते. अशांना काही दिवस एखाद्या आडबाजूच्या हॉटेलात नेऊन ठेवतात. जेवढे स्पॅनिश, साधारण तेवढेच इंग्रजी बोलणारे स्वयंसेवक. सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत नियम एकच, स्पॅनिश बोलायचं नाही. फी स्पॅनिश लोक भरतात, नाहीतर त्यांच्या कंपन्या. स्वयंसेवकांना मानधन नाही, पण राहणं, जेवण आणि माद्रिदहून न्यायची-आणायची बस आयोजकांकडे. विमानाचं तिकीट आणि माद्रिदमधला मुक्काम ज्याचा त्याने बघायचा. 2001 मध्ये सोरिया प्रांतातल्या वाल्देलाविया नावाच्या, ओस पडून पुन्हा उभ्या केलेल्या खेड्यात 'पुएब्लो इंग्लेस' (म्हणजे 'इंग्रजी गाव') या नावाने असा कार्यक्रम सुरू झाला आणि मग ही कल्पना पसरली. मी जाणार आहे ते ठिकाण सालामांका प्रांतात, ला अल्बेर्का या डोंगरातल्या गावाजवळ आहे.

आता खरा मुद्दा. तू लिहिलंस, "शिकवायचं नाही तर मग करायचं काय?" मलाही सुरुवातीला हेच कोडं होतं. पण माहितीपत्रक वाचलं, जाऊन आलेल्या दोघातिघांशी बोललो आणि चित्र स्पष्ट झालं. दिवसभरात बरेचसे तास एकास एक गप्पांचे असतात. एक स्पॅनिश माणूस, एक स्वयंसेवक, जवळजवळ तासभर. बसून बोला, नाहीतर फिरायला जाता जाता बोला. दुसऱ्या तासाला जोड्या बदलतात. जेवणाच्या टेबलावरही दोन ते आणि दोन आपण अशी मांडणी. मधे फोनवरचं संभाषण असतं, गटाने करायचे खेळ आणि छोटी नाटुकली असतात, आणि शेवटाकडे प्रत्येक स्पॅनिश माणसाला सगळ्यांसमोर उभं राहून काही मिनिटं भाषण करायचं असतं. त्या भाषणाची धास्ती म्हणे पहिल्या दिवसापासून असते.

यात व्याकरण शिकवणं हे आपलं काम नाही. आपण करायचं ते इतकंच, की त्या माणसाला परक्या भाषेतही तो मुळात जसा आहे तसा वागू द्यायचा. हे मला फार मोलाचं वाटतं. विचार कर, चाळीस-पन्नास माणसांचा विभाग सांभाळणारी एखादी बाई. तिच्या भाषेत ती विनोदी असेल, हजरजबाबी असेल, कुणाचं ऐकून न घेणारी असेल. तीच इंग्रजी मीटिंगमध्ये शाळकरी मुलीसारखी "येस, ओके, थँक यू" एवढ्यावर येते. तिला येतं किती, आणि दिसतं किती! हा अन्याय मी आपल्या लोकांच्या बाबतीत ऑफिसात रोज पाहतो. तू वर्गात पाहतोस. म्हणूनच मला हे काम कमी प्रतीचं वाटत नाही.

आमच्या ऑफिसात एक नवीन मुलगा आला आहे, पंपांचं डिझाइन करतो. हात अतिशय चांगला, पण मीटिंगमध्ये मुका. मी त्याला म्हटलं, मला सराव हवा आहे, तुलाही चालेल, जेवणाच्या सुट्टीत आपण चालत चालत फक्त इंग्रजीत बोलू. एकदा त्याला विचारलं, की पंपात एवढा आवाज का होतो? तो थांबला. "द वॉटर इज... द वॉटर..." आणि गप्प. नजर वर, ओठ हलताहेत, उजव्या हाताची बोटं हवेत गोल फिरताहेत. शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तो दिला नाही, नुसता त्याच्याकडे बघत उभा राहिलो. मग त्याने खिशातून पेन काढून हाताच्या तळव्यावर पंपाच्या चाकाची पाती काढली, पाण्यात बुडबुडे कसे तयार होतात आणि फुटताना धातूला कसे खातात ते बोटाने दाखवलं, आणि दाखवता दाखवता बोलायला लागला. चुका भरपूर होत्या, पण मला ते सगळं कळलं आणि सुट्टी संपली तरी तो थांबेना.

तुला हे ठाऊक असेलच, पण मला नव्यानेच कळलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबायचे. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरं लांब व्हायची, गप्प बसणारी मुलंही बोलायची. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण घड्याळ लावून समोरच्याकडे बघत गप्प बसून पाहा. फार लांबतात. माझ्या तयारीचा मोठा भाग म्हणजे हे गप्प बसणं. सरावाशिवाय ते जमेल असं मला वाटत नाही.

स्पॅनिश माणसाला बोलणं समजायलाच एवढं जड का जातं, हेही मी थोडं वाचून काढलं. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीने 1941 मध्ये परदेशी सिनेमे स्पॅनिशमध्ये डब करण्याची सक्ती केली. सक्ती पुढे काही वर्षांत गेली, पण सवय राहिली. सिनेमा काय, टीव्हीवरच्या मालिका काय, सगळं डब केलेलं. शेजारच्या पोर्तुगालमध्ये मूळ आवाज ठेवून खाली ओळी द्यायची पद्धत आहे. म्हणजे पोर्तुगीज मुलाच्या कानावर लहानपणापासून इंग्रजी पडत राहतं आणि स्पॅनिश मुलाच्या पडत नाही. त्यात स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारलेलं. इंग्रजीत निम्मे स्वर गिळतात. "व्हॉट डू यू वॉन्ट टू डू" हे सहा शब्द शाळेत वेगवेगळे शिकलेल्या माणसाला लंडनचा माणूस "व्हॉड्यवॉनडू" असं एका दमात ऐकवतो. त्याला कळणार कसं?

म्हणून स्वयंसेवकांना मुद्दाम सांगतात, की सावकाश, एकेक शब्द तोडून बोलू नका. नेहमीच्या चालीनेच बोला, हवं तर वाक्य पुन्हा म्हणा, वेगळ्या शब्दांत म्हणा. त्यांना कानाची सवय हवी असते. दया दाखवून हळू बोललं, तर घरी परतल्यावर त्यांचं पुन्हा अडतं.

आणखी एक गंमतीची गोष्ट, तुझ्या कामाची. स्पॅनिश लॅटिनमधून आलेली, म्हणून 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' हे आपल्याला जड वाटणारे शब्द त्यांना सोपे जातात. अडतं ते त्याच अर्थाच्या 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'लुक इन्टू' यांच्यापाशी. आणि आपण तरी काय बोलतो? पुस्तकातून शिकल्यामुळे आपणही 'पोस्टपोन'च म्हणतो. तेव्हा ही जोडक्रियापदं सहज तोंडात बसावीत म्हणून मी रोज रात्री दिवसभराची हकीगत मोठ्याने इंग्रजीत सांगतो. घरच्यांना आता सवय झाली आहे.

तुझी दुसरी शंका मला जास्त लागली. "गोऱ्यांचं इंग्रजी ऐकायला पैसे भरलेत त्यांनी, आपलं चालेल का?" अर्ज भरताना हा विचार माझ्याही मनात होता. ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथले लोक जास्त असतात हे खरं. पण मुलाखत झाली, अर्धा तास बोललो आणि मला घेतलं. आता मी याकडे असं बघतो : माद्रिदचा इंजिनिअर कामाच्या निमित्ताने बोलतो कुणाशी? जर्मन माणसाशी, डच माणसाशी, आणि तुझ्या-माझ्यासारख्याशी. त्याच्या कानाला आपली चालही ओळखीची हवी. शिवाय आपण स्वतः ही भाषा कष्टाने मिळवली आहे. भर मीटिंगमध्ये शब्द हरवला की छातीत काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. जन्मापासून इंग्रजीत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागतं. ही माझी जमेची बाजू आहे असं मी पक्कं मानतो, आणि तूही मानावंस.

आता कागदपत्रांचं थोडक्यात, कारण तू विचारलं होतंस. शेंगेन व्हिसाची (स्पेनसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो) फी आता 90 युरो झाली आहे. जायच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालू असायला हवा. आयोजकांचं सहभागाचं पत्र मी जोडलं आहे. माद्रिदला आदल्या दिवशीच पोचतो आहे, कारण विमानाला उशीर झाला आणि बस चुकली तर त्या डोंगरात एकट्याने जाणं सोपं नाही.

ला अल्बेर्काबद्दल मात्र लिहावंसं वाटतंच. लाकडी पट्ट्या आणि दगडाची घरं, वरचे मजले गल्लीवर झुकलेले. 1940 मध्ये या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, स्पेनमधल्या खेड्यांमध्ये पहिल्यांदा. तिथे संत अंतोनच्या नावाने सोडलेलं डुक्कर गावभर मोकळं हिंडतं, गावकरी त्याला खायला घालतात, आणि जानेवारीत संताच्या सणाला त्याची सोडत काढतात. जवळच पेन्या दे फ्रान्सिया हे 1,727 मीटर उंचीचं शिखर आहे, माथ्यावर मठ. एकास एक गप्पांचा एखादा तास त्या बाजूला तोंड करून चालत काढता येईल. आता डुकराचा मान एवढा, म्हणजे ताटातही तेच असणार. मी शाकाहारी असल्याचं अर्जात लिहिलं आहे आणि ईमेलने पुन्हा कळवलं आहे, कारण भाजीत हॅमचे तुकडे किंवा सॅलडमध्ये ट्यूना मासा घालणं तिथे अगदी सहज होतं. दुपारचं जेवण दोनला, रात्रीचं नऊला. त्यांचं घड्याळही एक तास पुढेच आहे म्हण. स्पेन खरं तर लंडनच्या रेषेत, पण 1940 मध्ये फ्रँकोने घड्याळं मध्य युरोपाशी जुळवली, ती तशीच राहिली.

बोलायला विषय काय, याचीही तयारी चालू आहे. प्रश्नांची यादी पाठ करून जाणार नाही, ती चौकशी वाटते. त्यापेक्षा त्यांच्या देशाबद्दल थोडं वाचतो आहे. कातालान, गालिसियन, बास्क या तिथल्या वेगळ्या भाषा आहेत, तेव्हा कुणी बार्सिलोनाचा असला तर घरात कुठली भाषा, शाळेत कुठली, यावर तासभर सहज जाईल. 1936 ते 1939 च्या यादवी युद्धाबद्दल मात्र मी आपणहून काढणार नाही. कुणाच्या आजोबांची गोष्ट निघालीच, तर ऐकेन. आपल्याकडचेही दोन-चार विषय मनात ठेवले आहेत, कारण त्यांनीही प्रश्न विचारायला हवेत. प्रश्न विचारणं हे उत्तर देण्यापेक्षा अवघड, आणि मीटिंगमध्ये त्यांना तेच करावं लागतं.

आता तुझ्याकडे एक काम आहे. मला सगळ्यात जास्त काळजी फोनच्या तासांची वाटते. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसतात, चेहरा नाही, हातवारे नाहीत. समोरचा गप्प झाला, तर तो शब्द शोधतोय, त्याला कळलं नाही की लाइन तुटली, हे नुसत्या आवाजावरून ओळखायचं. तर पुढचे काही शनिवार रात्री मला फोन कर, व्हिडिओ बंद ठेवून. तू स्पॅनिश माणूस हो. विमानतळावर बॅग हरवलेला प्रवासी हो, नाहीतर माल उशिरा पोचल्याबद्दल तक्रार करणारा ग्राहक. मुद्दाम अडखळ, मुद्दाम मला न कळेल असं बोल, आणि मधेच बराच वेळ गप्प बस. मी घाईने वाक्य पुरं केलं, तर तिथल्या तिथे टोक. वर्गात तू मुलांना जितका कडक असतोस, तितकाच माझ्याशी राहा.

आणि तुझ्या दहावीच्या मुलांना त्या स्पॅनिश लोकांना काही विचारायचं असेल, तर प्रश्न लिहून पाठव. उत्तरं परवानगी घेऊन त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून आणतो. मुलांना ऐकव, की मोठमोठ्या कंपन्यांतली माणसंसुद्धा शब्द शोधत शोधत बोलतात आणि तरी बोलायचं सोडत नाहीत.

पहिला फोन येत्या शनिवारी, नऊनंतर. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र