दात येण्यावर खापर नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात गावोगावच्या जुलाबाच्या साथींच्या बातम्या येतात आणि बहुधा ‘दूषित पाण्यामुळे’ या शब्दांवर थांबतात. तापीकाठच्या गावांत आरोग्यसेविका म्हणून घरोघर फिरताना मला मात्र दोन वर्षांच्या आतल्या बाळांबाबत तेवढेही कारण कधी ऐकायला मिळाले नाही. ‘दात येत आहेत, म्हणून पोट जाते आहे’ एवढे सांगून घरातली मोठी माणसे निर्धास्त होत, आणि त्यात दोन-तीन दिवस वाया जात.

दात आणि जुलाब एकाच वयात येतात हे खरे. पण त्याच वयात, म्हणजे सहा महिन्यांनंतर, आईकडून मिळालेले संरक्षण ओसरू लागते, वरचे अन्न सुरू होते आणि रांगणारे बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते. ज्या अंगणात शेळी बांधलेली असते, कोंबड्या फिरतात आणि ‘लहान लेकराची शी ती काय’ म्हणून थोरल्या भावंडाची शी कडेला लोटलेली असते, त्याच अंगणात ते रांगते. लहान मुलाची विष्ठा निरुपद्रवी असते, हा समज अगदी चुकीचा आहे.

आफ्रिका व दक्षिण आशियातील सात ठिकाणी, त्यांत आपल्या कोलकात्यातही, झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पाच वर्षांखालील मुलांच्या मध्यम ते तीव्र जुलाबांमागे प्रामुख्याने चार जंतू आढळले: रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, शिगेला आणि विष तयार करणारा ई. कोलाय. या चौघांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. रक्ताची आव लावणाऱ्या शिगेलाचे १० ते १०० जंतूही पुरतात, त्यामुळे शी धुतलेला हात साबणाविना घासाला लागला तरी काम होते. ई. कोलाय मोठ्या संख्येने पोटात जावा लागतो आणि ती संख्या त्याला शिळ्या अन्नात मिळते.

कपाशी वेचणीच्या दिवसांत शिरपूर तालुक्यातल्या एका घरात आठ वर्षांची बहीण दहा महिन्यांच्या भावाला भरवत होती. खिचडी आईने पहाटे शिजवून ठेवलेली, आणि मी पोहोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. शेजारच्या दुधाच्या बाटलीच्या निपलमध्ये, आतल्या कडेला, कालच्या दुधाचे पिवळसर कडे धरले होते. त्या माउलीला मी बोल लावू शकले नाही. मजुरी बुडवून तिने घरी कसे थांबावे?

रोटाव्हायरस तर थंडीच्या दिवसांतही पसरतो आणि केवळ स्वच्छ पाण्याने पुरता आटोक्यात येत नाही. म्हणून सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला सरकारी लसीकरणात मोफत मिळणारे त्याचे डोस चुकवू नयेत. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरिनला दाद देत नाही, ते पाणी उकळल्याने मरते.

तरीही पाण्याची जबाबदारी टळत नाही. खान्देशात अनेक ठिकाणी आठ-आठ दिवसांनी नळ येतो. पाणी बंद असताना रिकामी जलवाहिनी गळतीच्या जागी शेजारच्या गटारातले पाणी आत ओढून घेते, आणि नंतर तेच पाणी आठवडाभर पिंपात साठवून, त्यात हातासकट पेला बुडवून प्यायले जाते. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करणारी क्लोरिनची पावडर, टाकीत पडल्याची नोंद वहीत असते. शेवटच्या घराच्या नळाला क्लोरिन पोहोचते की नाही, याची तपासणी मी फार थोड्या वेळा पाहिली. ती तपासणी दर पाणीसोडीला शेवटच्या नळावर व्हावी, तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला जावा, आणि साथीची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी तो निकाल आवर्जून विचारावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. धुळे