राणीच्या बागेचा आराखडा मुळांपासून आखावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे मुंबईकरांच्या राणीच्या बागेत, गेल्या काही वर्षांत गजांचे जुने पिंजरे जाऊन काचेआडची मोकळी आवारे आली, हे चांगलेच झाले. आता शेजारच्या मफतलाल मिलच्या जागेपर्यंत विस्ताराची चर्चा होते. पुढच्या टप्प्याचा आराखडा करताना ‘कोणता नवा प्राणी आणायचा’ हा प्रश्न शेवटी घ्यावा, एवढे सुचवण्यासाठी हे पत्र.

१८६२ मध्ये ही बाग खुली झाली ती मुळात झाडांची बाग म्हणून. प्राणी नंतर आले. गोरखचिंच, कैलासपती यांसारखी शहरात सहसा न दिसणारी झाडे इथे आहेत आणि ती दुसरीकडे हलवता येणार नाहीत. प्राण्यांच्या आवाराचे निम्मे काम जमिनीखाली चालते. खंदक, काचेच्या भिंतीचा पाया, तळ्याचे पाणी गाळणाऱ्या यंत्रणेच्या वाहिन्या, हे सगळे खोदूनच बसवावे लागते. आमच्या सोसायटीत पार्किंगसाठी जुन्या गुलमोहराच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले गेले. तीन पावसाळे झाड हिरवेगार होते आणि चौथ्यात, फारसा वारा नसतानाही, रात्रीत आडवे झाले. सकाळी पाहिले तर मुळांची एक बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ होती. ड्रेनेजचा पाइप नेमका तिथूनच गेला होता. मुळे फांद्यांच्या सावलीच्याही पलीकडे पसरतात, म्हणून बुंध्याभोवती कठडा बांधला की झाड वाचले असे होत नाही. बागेतील प्रत्येक मोठ्या झाडाचा मुळांचा पसारा आधी नकाशावर घ्यावा आणि त्याबाहेर उरेल त्या जागेतच बांधकाम बसवावे.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांना न दिसणाऱ्या भागाची. वाघ रात्र काढतो ती आतली खोली, आजारी प्राण्यासाठीची जागा, नव्या प्राण्याला वेगळे ठेवण्याचा कक्ष, हे सगळे काचेच्या देखाव्याआधी पूर्ण व्हायला हवे. जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, तेव्हा त्यांचे कायमचे घर तयार नव्हते. ते लोकांसाठी खुले झाले मार्च २०१७ मध्ये आणि मधल्या काळात एक पेंग्विन दगावला. त्या मृत्यूचा संबंध मी उशिराशी जोडत नाही. पण घर आधी आणि पाहुणे नंतर, हा क्रम निविदेतच लिहिला जावा.

बाग बुधवारी बंद असते. प्रेक्षकांची गैरसोय नको म्हणून ड्रिलिंग आणि तोडफोड त्याच दिवशी उरकण्याचा मोह ठेकेदाराला होणारच, परंतु आठवड्यात प्राण्यांना गर्दीपासून मिळणारी उसंत तेवढीच. तेव्हा कामाचे दिवस आणि तास ठरवताना रोज सरकते दार ओढून प्राण्यांना आतबाहेर करणाऱ्या कर्मचाऱ्यांना विचारावे. कोणत्या आवाजाने कोणता प्राणी खाणे सोडतो, हे त्यांच्याइतके वास्तुविशारदाला कळणार नाही.

आराखडा तयार झाल्यावर तो निविदा निघण्यापूर्वी, झाडांच्या क्रमांकांसह आणि मराठीत, बागेच्या प्रवेशद्वारापाशी महिनाभर लावावा आणि हरकती तिथेच स्वीकाराव्यात.

– एक नियमित वाचक, लालबाग, मुंबई