सूत्रांआधी सारणी शिकवा

महोदय,

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राची पहिली ओळख सरासरी, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि शेवटी काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींत संबंध आहे का, हे तपासणारी) अशा ठरलेल्या क्रमाने होते. सूत्र पाठ करायचे, गणित सोडवायचे, गुण मिळवायचे. पुढे प्रबंधासाठी भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा समोर आला, की याच विद्यार्थ्याला पहिली सारणी कशी मांडावी हे सुचत नाही. हा क्रम बदलायला हवा.

सामाजिक संशोधनात हाती येणारी बरीचशी माहिती वर्गवारीची असते: लिंग, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मापनाच्या नामदर्शी (नुसती नावे), क्रमदर्शी (चढता-उतरता क्रम), अंतराल (समान अंतरे) आणि गुणोत्तर (समान अंतरे व खरे शून्य) अशा चार पातळ्या सांगितल्या. अभ्यासक्रमात त्या व्याख्येपुरत्या येतात, पण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांवरच ठरतो. शेतकऱ्याला १, नोकरदाराला २ आणि व्यापाऱ्याला ३ असा संकेतांक दिला, तर संगणक व्यवसायाची सरासरी १.८ अशी बिनतक्रार काढून देतो. तिला काही अर्थ नाही, हे संगणक सांगणार नाही.

उत्तर न देणाऱ्यांचे संकेतांकही असेच घात करतात. समजा, २०० जणांपैकी १० जणांनी वय सांगितले नाही आणि त्यांच्यापुढे ९९ लिहिले. उरलेल्या १९० जणांचे सरासरी वय ३५ असेल, तर ९९ हा ‘माहिती नाही’चा संकेत आहे हे संगणकाला न सांगितल्यास सरासरी ३८.२ येते. हा आकडा अशक्य वाटत नाही, म्हणूनच चूक प्रबंधात छापून जाते. कोणतेही विश्लेषण करण्याआधी प्रत्येक चलाची, म्हणजे वय, लिंग अशा बदलत्या गुणधर्माची, वारंवारता सारणी (कोणते मूल्य किती वेळा आले) काढून किमान व कमाल मूल्य तपासावे. दहा मिनिटांचे काम आहे.

खरा कस लागतो तो दोन चलांच्या सारणीत. १२० स्त्रिया आणि ८० पुरुषांना एका प्रस्तावावर मत विचारले. ७२ स्त्रिया आणि ३२ पुरुष अनुकूल निघाले. टक्केवारी कोणत्या बाजूने काढायची? लिंगामुळे मत बदलते का, हा प्रश्न असेल तर लिंग हा स्वतंत्र (परिणाम घडवणारा मानलेला) चल आहे आणि प्रत्येक लिंगगटाची बेरीज १०० धरायची: स्त्रियांत ६० टक्के, पुरुषांत ४० टक्के. उलट बाजूने काढली, तर अनुकूल असलेल्यांत ६९ टक्के स्त्रिया दिसतात. आकडा चुकीचा नाही, पण तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे, आणि नमुन्यातच स्त्रिया जास्त असल्याने तो फुगला आहे. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ही गफलत मोठी हानी करते, कारण निष्कर्षाचे वाक्यच बदलते.

आता काय-वर्ग. सारणीतल्या प्रत्येक घराची अपेक्षित वारंवारता, म्हणजे संबंध नसता तर तिथे दिसली असती ती संख्या, म्हणजे ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. अनुकूल स्त्रियांसाठी १०४ × १२० ÷ २०० = ६२.४. चारही घरांत प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक ९.६ येतो. त्याचा वर्ग प्रत्येक घराच्या अपेक्षित वारंवारतेने भागून बेरीज केली, की ७.६९. एका स्वातंत्र्यमात्रेसाठी (बेरजा ठरल्यावर या सारणीत एकच घर मोकळेपणाने भरता येते) ५ टक्के पातळीवरची मर्यादा ३.८४ असल्याने संबंध संख्याशास्त्रीय अर्थाने सार्थ ठरतो. याचा अर्थ इतकाच, की लोकसंख्येत काहीच संबंध नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात सहाच्या आसपास आहे. ‘संबंध असण्याची शक्यता ९९ टक्के’ असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही.

याच सारणीवर आणखी एक प्रयोग वर्गात जरूर करावा. टक्केवारी तीच ठेवून नमुना ५० चा केला, की काय-वर्ग १.९२ वर येतो आणि सार्थकता नाहीशी होते. २००० चा केला, तर ७६.९. संबंधाची ताकद मात्र तिन्ही वेळी सारखीच: काय-वर्गाला नमुनासंख्येने भागून वर्गमूळ काढले, की ०.२ च्या जवळ. सार्थ म्हणजे महत्त्वाचे नव्हे, हे इतक्या स्वच्छपणे दुसरे काही शिकवत नाही. चाचणीत टक्केवारी न घालता प्रत्यक्ष संख्याच का घालायची, हेही इथेच कळते.

नमुन्याच्या आकाराबद्दल ३८४ हा आकडा मंत्रासारखा वापरला जातो. तो साध्या यादृच्छिक (प्रत्येकाला निवडीची समान संधी देणाऱ्या) नमुन्यासाठी, ९५ टक्के विश्वास पातळी आणि अधिक-उणे ५ टक्के चुकीच्या मर्यादेसाठी आहे. त्यातल्या ९६ जणांच्या उपगटाबद्दल बोलायचे, तर मर्यादा १० टक्क्यांवर जाते. आणि भेटतील त्यांनाच प्रश्नावली दिली असेल, तर हा हिशेब लागूच होत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे २० लाखांहून अधिक उत्तरे होती, तरी अंदाज साफ चुकला.

तिसऱ्या चलाची सवयही सारणीतूनच लागते. बर्कली विद्यापीठात १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी ३५ टक्के निवडले गेले. विभागवार सारण्या केल्यावर स्त्रियांविरुद्धचा हा कल जवळजवळ नाहीसा झाला, कारण जिथे प्रवेश कठीण, तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. मात्र अर्जांची अशी विभागणी का झाली, हा समाजशास्त्राचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

अभ्यास मंडळांनी सत्राचा पहिला तिसरा हिस्सा संकेतांकन आणि सारणीला द्यावा, तेही कागदावर. त्यानंतर आर किंवा पीएसपीपी ही संख्याशास्त्रीय विश्लेषणाची मोफत संगणकीय साधने शिकवावीत. परीक्षेत गणनयंत्र वापरू द्यावे, सूत्रे छापून द्यावीत आणि एक अपरिचित सारणी देऊन विचारावे: टक्केवारी कोणत्या बाजूने काढली आहे, संबंध किती ताकदीचा आहे आणि कोणता तिसरा चल तपासाल?

आपला,
सामाजिक संशोधन पद्धतीचा एक अध्यापक