मंत्रीमहोदय, शाळा २३ जूनला उघडते आणि पेपर २४ ला आहे

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दहावीत राहिलेल्या मुलांची पुरवणी परीक्षा आणि विदर्भातल्या शाळांची कुलुपं

महोदय,

सविनय नमस्कार. हा सविनयपणा किती ओळी टिकेल ते सांगता येत नाही, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो.

१३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला. ९४.१० टक्के. कोकण ९८.८२ टक्क्यांनी पहिलं, पेढे वाटले गेले, फोटो निघाले. नियमित विद्यार्थी बसले १५,४६,५७९ आणि पास झाले १४,५५,४३३. यातली वजाबाकी कुठल्याच बातमीत ठळक नव्हती, ती आम्ही केली : ९१,१४६. हे पत्र या मुलांच्या पालकांच्या वतीने आहे. त्या दिवशी शेजारच्या दारात पेढ्यांचा पुडा फिरत होता तेव्हा या घरांत दार आतून लावलेलं होतं आणि बाहेर बसलेल्या आईबापांना आतल्या पोराला जेवायला हाक मारावी की नको, एवढंही कळत नव्हतं.

निकाल लवकर, पुरवणीही लवकर, म्हणजे मुलांचं वर्ष वाया जाणार नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. ऐकायला फार छान. पुरवणी २४ जूनला सुरू होते. निकालापासून ४२ दिवस. आता कॅलेंडर उघडा. राज्यातल्या शाळा १६ जूनला उघडणार, विदर्भातल्या उन्हामुळे २३ जूनला. म्हणजे विदर्भातल्या नापास पोराला शाळेचं तोंड दिसणार पेपरच्या आदल्या दिवशी. आणि राज्यात सर्वांत कमी निकाल कुठला? नागपूर विभागाचा, ९०.७८. ज्याला शिक्षकाची गरज सर्वांत जास्त, त्याची शाळा सर्वांत शेवटी उघडते. हे वेळापत्रक ज्या टेबलावर ठरलं तिथे विदर्भाचा नकाशा तरी होता का?

बरं, पुरवणीचा अर्ज स्वतःचा स्वतः भरता येत नाही, तो शाळेमार्फतच जातो. १५ मेपासून अर्ज सुरू, आणि शाळेत कोण? असलाच तर शिपाई. मुख्याध्यापक गावाला, बाबूंचा फोन बंद. त्यात पेपर नीट तपासला का अशी शंका असेल तर वेगळाच खेळ. गुणपडताळणी ५० रुपये विषयाला. उत्तरपत्रिकेची छायाप्रत ४००. पुनर्मूल्यांकन ३००, पण आधी छायाप्रत घेतल्याशिवाय ते नाही. दोन विषय म्हटले तर छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचेच १,४०० रुपये. शिवाय छायाप्रतीची वाट बघत पुरवणीचा अर्ज लांबवला की मुदत हातची जाते. म्हणून ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून ठेवतो : दोन्ही अर्ज एकदमच भरा, निकालात बदल झाला तर झाला. हे सांगायला खरं तर तुमच्या खात्याचा एक कागद पुरला असता.

आता अभ्यासाचं बघू. राहिलेल्या मुलांतली कितीतरी गणितातच अडकलेली असतात, आणि गणितात ३५ पर्यंत जाणं अशक्य मुळीच नाही. अंतर्गत २० पैकी १५ मिळाले असतील तर दोन्ही भागांच्या ८० पैकी २० लागतात. प्रत्येक भागात पहिला प्रश्न ८ गुणांचा, म्हणजे दोन्हीत मिळून १६. त्यात बहुपर्यायी आहेत, एका ओळीची उत्तरं आहेत. पुढच्या प्रश्नात कृती असते, चौकटी भरायच्या. भाग एकमधलं संभाव्यता, सांख्यिकी आणि अंकगणिती श्रेढी, भाग दोनमधल्या भौमितिक रचना एवढं घट्ट केलं तरी पोरगं तरतं. समरूपतेची लांब प्रमेयं खुशाल सोडा. शिवाय गणित-विज्ञान गटात मिळून ७० आणि प्रत्येकी किमान २५ चालतात, म्हणजे विज्ञानाचे ४५ गणिताच्या २५ ला ओढून नेतात. हा हिशेब मुलाला निकालाच्या दुसऱ्या दिवशी कुणी समोर बसवून सांगितला पाहिजे. कोण सांगणार?

आणि मूल अडतं कुठे, तेही बघा. वर्गसमीकरणाचं सूत्र तोंडपाठ असतं. ए १, बी उणे १, सी उणे ६. बी वर्ग वजा चार एसी, इथपर्यंत बरोबर. मग पोरगं लिहितं १ वजा २४, उत्तर उणे २३, आणि वर्गमूळ काढायला जाऊन थांबतं. उणे गुणिले उणे अधिक होतं, यायला हवे होते २५. चूक दहावीची नाहीच, सातवीची आहे. आठवीपर्यंत ढकलत आणलं आणि दहावीत त्याच्या नावापुढे शेरा मारला. मध्यंतरी तर ‘अनुत्तीर्ण’ शब्द काढून ‘कौशल्य विकासास पात्र’ लिहायची टूम निघाली होती. शब्द गोड झाला. उणे चिन्ह तिथेच राहिलं.

काहींचं दुखणं आणखी वेगळं असतं. अक्षरं उलटीपालटी दिसतात, आकडे जागा बदलतात. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र असेल तर तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, दहावीच्या गणिताऐवजी सातवीचं अंकगणितही. पण त्यासाठी बुद्ध्यांकाच्या आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या लागतात, त्या एका फेरीत होत नाहीत. मुंबईत सायन, नायर, केईएम आहेत. गडचिरोलीच्या बापाने कुठे जायचं, मजुरी बुडवून किती खेपा मारायच्या? आणि हे सगळं परीक्षेआधी, कारण पेपर होऊन गेल्यावर सवलत लागू होत नाही. ‘ढ आहे’ म्हणून दहा वर्षं हाकललेल्या मुलाचं खरं कारण निकालानंतर कळलं, तर त्याचं काय करायचं?

गणित-विज्ञानात २० गुणांवर पास करू, फक्त गुणपत्रिकेवर तसा शेरा राहील, हेही ऑक्टोबर २०२४ पासून ऐकतोय. अजून ऐकतोच आहोत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉपी पकडायला परीक्षा केंद्रांवर ड्रोन उडवले, कौतुकच आहे. मे महिन्यात या मुलांच्या डोक्यावर एक छत्रीसुद्धा नाही. शक्तिपीठ महामार्गाला ८६ हजार कोटींची भाषा होते. पहिलीच्या लेकराला तिसरी भाषा कोणती, यावर दोन महिने रणकंदन चाललंय. अकरावी प्रवेशाचं पोर्टल २१ मेला पहिल्याच दिवशी आडवं झालं, ते पाच दिवसांनी उठलं. शिक्षक म्हणाल तर मतदार याद्यांत, मतमोजणीत, सर्वेक्षणात. हे राज्य शिक्षकाला शिकवणं सोडून सगळं करायला लावतं आणि मग निकालाच्या दिवशी टक्केवारी वाचून दाखवतं. कोचिंगवाले मात्र १४ मेपासून ‘पुरवणी क्रॅश बॅच’चे फलक लावून बसलेत. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पास होईल. ही तुमची गुणवत्ता यादी.

मागणी तशी फार मोठी नाही. दर तालुक्याला एक शाळा, निकालाच्या आठवड्यापासून पुरवणीपर्यंत, सकाळी सात ते साडेनऊ, ऊन चढायच्या आत. एक गणिताचा, एक विज्ञानाचा, एक इंग्रजीचा शिक्षक, सुटीतल्या कामाचं मानधन देऊन. नापास विषयाची छायाप्रत मोफत. महामार्गाच्या एका किलोमीटरच्या खर्चात यातलं किती होईल, ते तुमच्या अर्थखात्याने काढावं. आमचं गणित कच्चं आहे म्हणतात.

आपला,
एक पालक, विदर्भ
जून २०२५

ता. क. : पुरवणीचं प्रवेशपत्र शाळेने छापून, त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घेऊन मुलाला द्यायचं असतं. आमची शाळा २३ ला उघडते. सही २३ ला संध्याकाळपर्यंत मिळाली तर चालेल का, एवढं तरी कळवा.