गोड कोळसा शिक्षा म्हणून देऊ नका

संपादक महोदय,

ख्रिसमसच्या गिफ्टांच्या याद्यांमध्ये हल्ली ती कोळशासारखी दिसणारी काळी कँडी दिसते, वर्षभर मस्ती केलेल्या पोराला फक्त हीच द्या आणि त्याचा चेहरा बघा असं सांगून विकतात. माझ्या वहिनीचा पण पुण्याहून मेसेज आला, येताना घेऊन या, धाकट्याची जरा जिरवायचीय. वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून हे पत्र.

मी इटलीत राहते. इथे हा कोळसा 6 जानेवारीच्या एपिफनीच्या, म्हणजे तीन राजे बाळ येशूला भेटायला आले त्याची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या ख्रिस्ती सणाचा, आदल्या रात्री बेफाना नावाची म्हातारी झाडूवर बसून येते आणि मुलांनी टांगलेल्या मोज्यांमध्ये खाऊ भरते. म्हणतात की बाळ येशूला बघायला निघालेल्या तीन राजांनी तिलाही बोलावलं होतं, ती घरकामात अडकली म्हणून नाही म्हणाली, मग मनाला लागून राहिलं आणि तेव्हापासून ती दारोदार फिरून मुलांना खाऊ देते. लोकांचा या सणावर इतका जीव की सरकारने 1977 मध्ये त्याची सुट्टी काढून टाकली तर 1985 च्या शेवटी परत द्यावी लागली!

आता वाईट वागलं की कोळसा मिळतो हे इथेही सांगतात, नाही असं नाही, पण साखरेचा कोळसा चांगल्या पोरांच्या मोज्यातही चॉकलेट आणि संत्र्यांबरोबर असतोच, कारण वर्षभर शहाण्यासारखं वागलेलं पोर कुठे असतं हो? स्पेनमध्येही 5 जानेवारीच्या रात्री तीन राजे भेटी आणतात त्यात असा कोळसा असतो. एकाच मुलाला वेगळं काढून सगळ्यांसमोर नुसता कोळसा द्यायचा, तो रडला की व्हिडिओ काढायचा, ही कसली गंमत? सात वर्षांच्या मुलाला ती कळत नाही, त्याला एवढंच कळतं की बहिणीला मिळालं आणि मला नाही.

पदार्थ तसा छान आहे. साखरेचा कडक पाक करतात, त्यात फेटलेला अंड्याचा पांढरा भाग, पिठीसाखर आणि काळा रंग घालतात, की सगळं फसफसून वर येतं, मग थंड झालं की फोडून तुकडे करायचे, बत्ताशासारखे आतून जाळीदार. पण अंडं असतं हे आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यामुळे न खाणाऱ्यांनी आणि ज्यांच्या मुलांना अंड्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी पाकीट नीट वाचूनच घ्यावं, आणि तुकडे कडक असतात तेव्हा अगदी लहानांना नकोच.

वहिनीला मी कळवलंय की दोन्ही मुलांना सारखाच आणीन, चॉकलेटसकट. तुमच्या मुलांच्या पानावर येत्या 6 जानेवारीला बेफानाची गोष्ट छापता आली तर नक्की छापा, आणि कोळसा सगळ्यांनाच मिळतो हे त्यात असू द्या.

एक वाचक, मिलान (इटली)